बुळकांडी गेली, मग लाळ्या-खुरकूत का जात नाही?

चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. थंडीच्या दिवसांत एकदा मामांबरोबर तिथं गेले होते. मामांना एक कालवड घ्यायची होती. एक संकरित कालवड त्यांना पसंत पडली. दात बघून झाले, कासेची ठेवण बघून झाली, आणि मग मामांनी खाली बसून तिचे चारही पाय एकेक करून उचलले. खुरांच्या बेचक्यात बोट फिरवलं, खुरावर कुठं आडवं कडं उठलंय का ते पाहिलं. मला वाटलं, चाल बघताहेत.

"चाल न्हाई गं," मामा म्हणाले, "खुरकूत होऊन गेलीय का बघतोय. झाली असली तर उन्हाळ्यात नुसती धापा टाकीत बसंल."

मामांचा गोठा खेड तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्यात लाळ्या-खुरकूत, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणारी गुरांची साथ, शिरली होती, तीही लस टोचलेल्या जनावरांत. चौदा लिटरची गाय तीन लिटरवर आली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या, वैरण समोर असून खाता येत नव्हती. तिचं बारा दिवसांचं वासरू संध्याकाळी दूध प्यायलं आणि सकाळी दावणीला मेलेलं सापडलं. त्या वासराचा विषय निघाला की मामा अजून गप्प होतात.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "आमच्या आज्याच्या वक्ताला बुळकांडी होती. गावंच्या गावं मोकळी व्हायची. ती गेली ना? मंग ही का जात न्हाई? दर सहा महिन्याला टोचत्यात. लशीतच खोट असंल."

प्रश्न अगदी रास्त आहे. मी औंधला राहते. पशुसंवर्धन आयुक्तालय, रोगनिदानाची प्रयोगशाळा आणि जनावरांच्या लशी तयार करणारी सरकारी संस्था, हे सगळं माझ्या घराजवळच आहे. तरीही गाडीत मला मामांना धड उत्तर देता आलं नाही. म्हणून मग वाचलं, जाणकारांना विचारलं. मामांना आणि त्यांच्यासारखाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांना सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

बुळकांडीपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तिच्याविरुद्धच्या भारतातल्या लढाईचं एक टोक पुण्यातच आहे.

बुळकांडी म्हणजे गुरांची पटकीच म्हणा. चढता ताप, डोळ्यांतून-नाकातून स्राव, तोंडात फोड, मग पाण्यासारखे जुलाब, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. १८९० च्या दशकात ती आफ्रिकेत पसरली तेव्हा तिथल्या मोठ्या प्रदेशांतली बहुतेक गुरं मेली आणि माणसं उपाशी मरू लागली. आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या होतीच. तिच्यावर नेमलेल्या सरकारी आयोगानं १८७१ साली अहवाल दिला. पुढे ९ डिसेंबर १८८९ या दिवशी पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा जन्म हा. बरेलीजवळच्या इज्जतनगरला आज तिचा केवढा तरी पसारा आहे, पण पाळणा हलला तो पुण्यात. आपल्या शहराच्या अभिमानाच्या गोष्टींत हिचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. बुळकांडीवर काम करायचं म्हणजे बुळकांडी झालेली जनावरं प्रयोगशाळेत ठेवायची. आजूबाजूला गुरंढोरं असलेल्या गावात हे भलतंच धोक्याचं, एक जनावर सुटलं तर सगळा परिसर पेटायचा. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली गेली. तिथं थंडी होती आणि वस्ती विरळ होती. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये तिथं येऊन गेले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी बुळकांडीवर एक उपाय करून पाहिला होता. रोगानं मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचायचं. हा उपाय काही अंशी चालला, पण अशी किती जनावरं मारणार आणि किती पित्त काढणार?

खरा रस्ता सापडला १९२० च्या दशकात, मुक्तेश्वरलाच. जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीला टोचला, त्या शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत. असं शेकडो वेळा केलं. शेळीच्या अंगात राहून राहून विषाणू शेळीचा झाला, आणि गाईला पूर्वीसारखा आजार करण्याची त्याची ताकद गेली. पण गाईच्या शरीराला तो अजूनही ओळखीचा होता. असा कमजोर केलेला जिवंत विषाणू टोचला की गाईला थोडा ताप येई, आणि मग तिला बुळकांडी होत नसे. लशींच्या दुनियेत आजही वापरली जाणारी ही मोठी युक्ती. विषाणूला परक्या घरी वाढवायचं, म्हणजे तो मूळ घरचे डावपेच विसरतो.

ही शेळीवरची लस देशी गुरांना सोसायची, पण संकरित आणि विलायती गुरांना जड जायची. पुढे वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून आणखी सौम्य लस केली, ती सगळ्यांना चालली. भारतात १९५४ पासून बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये. मे २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. माणसाच्या देवी १९८० मध्ये संपल्याचं जाहीर झालं होतं. त्यानंतर पृथ्वीवरून मुळासकट गेलेला रोग हा दुसराच, आणि तिसरा अजून नाही.

मामा म्हणतात ते असं पुरतं खरं आहे. बुळकांडी गेली, आणि लशीनंच गेली.

बहुरूपी विषाणू

आता लाळ्या-खुरकूत. तिच्यावरही लस आहे, कार्यक्रम आहे, पैसा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. तरीही ती गोठ्यात शिरते, कारण दोन्ही विषाणूंचा स्वभावच वेगळा आहे.

बुळकांडीचा विषाणू आयुष्यभर एकाच वेशात वावरला. गाव कुठलंही असो, देश कुठलाही असो, शरीराला त्याचा चेहरा एकच दिसायचा. तो आपल्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसंच बुळकांडीचं होतं. एक लस टोचली, जनावर बरीच वर्षं किंवा जन्मभर सुरक्षित.

लाळ्या-खुरकूतीचा विषाणू बहुरूपी आहे. जगात त्याचे सात मुख्य प्रकार नोंदले गेले. त्यातला 'सी' हा प्रकार २००४ नंतर कुठं दिसलेला नाही. भारतात सध्या तीन फिरतात: 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१'. आपल्याकडचे बहुतेक उद्रेक 'ओ'चे. 'ओ' होऊन गेलेल्या गाईला 'ए' नव्यानं होऊ शकतो, शरीराच्या दृष्टीनं तो वेगळाच पाहुणा असतो. म्हणून आपल्या लशीत तिन्ही प्रकार एकत्र घातलेले असतात.

त्यातही एकेका प्रकाराच्या पोटात उपप्रकार आहेत. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात, पण त्याच्या बाहेरच्या कवचावरचे काही भाग असे आहेत की तिथं बदल झाला तरी त्याचं काही अडत नाही. उलट चेहरा थोडा बदलल्यामुळे शरीराचे पहारेकरी फसतात. बुळकांडीच्या विषाणूला असे बदल परवडत नव्हते, चेहरा बदलला की त्याचं कामच अडायचं. लाळ्या-खुरकूतीच्या बाबतीत म्हणूनच शास्त्रज्ञांना उद्रेकातले नमुने सतत गोळा करावे लागतात. लशीतल्या जुन्या विषाणूवर तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातले हे पहारेकरी, गावातल्या नव्या विषाणूला अजून ओळखतात का, हे तपासत राहावं लागतं. जुळणी बिघडली तर लशीतला विषाणू बदलावा लागतो. देशात या कामाची मुख्य संस्था भुवनेश्वरला आहे. आपल्या गोठ्यात फोड आल्यावर पशुवैद्यकांनी जिभेवरच्या फोडाची साल नमुना म्हणून मागितली तर ती जरूर घेऊ द्यावी, असं मी कळकळीनं सांगेन. तो नमुना त्या गाईच्या उपचाराला लागत नाही, पुढच्या लशीसाठी लागतो.

आता टिकण्याचा प्रश्न, दर सहा महिन्यांनी का टोचायचं? बुळकांडीची लस जिवंत होती. कमजोर विषाणू गाईच्या अंगात थोडे दिवस वाढायचा, आणि शरीराला खऱ्या लढाईचा सराव मिळायचा. लाळ्या-खुरकूतीत जिवंत लस चालत नाही. हा विषाणू इतका झपाट्यानं बदलतो की कमजोर केलेला पुन्हा मूळ पदावर येण्याची भीती असते. म्हणून कारखान्यात तो पेशींवर मोठ्या प्रमाणात वाढवतात, रसायनानं मारतात, शुद्ध करतात आणि तेलासारख्या पदार्थात मिसळतात. तेल कशाला? मेलेला विषाणू अंगात वाढत नाही, लगेच निचरून जाईल. तेलामुळे तो टोचल्या जागी हळूहळू सुटत राहतो आणि शरीराचं लक्ष जास्त दिवस वेधून घेतो. टोचल्या जागी गाठ येते ती बहुधा त्याचीच. दूध दोन-तीन दिवस थोडं कमी होतं, तेही शरीर कामाला लागल्यामुळे. पण मेलेल्या विषाणूशी झालेली ओळख शरीर लवकर विसरतं. काही महिन्यांत प्रतिपिंडं उतरतात, आणि सहाव्या महिन्याला पुन्हा आठवण करून द्यावी लागते.

वासरांचं गणित यात आणखी नाजूक. लस घेतलेल्या गाईच्या चिकातून वासराला आईची तयार प्रतिपिंडं मिळतात. ही आईनं दिलेली शिदोरी. ती अंगात असताना वासराला लस टोचली तर आईची प्रतिपिंडंच लशीतल्या विषाणूला पकडून टाकतात आणि वासराचं शरीर स्वतः काही शिकत नाही. म्हणून पहिली लस चौथ्या महिन्यात, आणि महिन्याभरानं बूस्टर. हा बूस्टर आपल्याकडे सर्रास चुकतो. पथक गावात एकदा येऊन जातं, महिन्यानं त्याच वासरासाठी पुन्हा यायचं राहून जातं. मामांच्या गोठ्यात हेच झालं असावं असा मला संशय आहे. त्या आधीच्या खेपेत तिथल्या तीन कालवडींना पहिलीच लस मिळाली होती, बूस्टर नव्हता. रोग आधी त्यांच्यात दिसला, मग गाईत.

आणि ते बारा दिवसांचं वासरू? गाईच्या तोंडात फोड दिसण्याच्या आधीच विषाणू तिच्या दुधात उतरलेला असतो. मोठ्या गाईला तो तोंड, खुरं आणि सडांवर मारतो, पण लहान वासराच्या हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. शवविच्छेदनात त्या हृदयावर वाघाच्या अंगासारखे पिवळसर पट्टे दिसतात. बाहेरून काहीच लक्षण नसतं, वासरू दूध पिता पिता कोसळतं. चिकातली शिदोरी भरपूर असती तर ते वाचण्याची शक्यता होती, आणि त्यासाठी आईचीच टोचणी वेळेवर आणि पुरती झालेली असायला हवी होती.

तिसरा फरक सर्वांत अवघड. बुळकांडीत जनावर एक तर मरायचं किंवा पूर्ण बरं व्हायचं. बरं झालेलं जनावर विषाणू बाळगत नसे. लाळ्या-खुरकूत बरी झालेल्या गाई-म्हशींपैकी काहींच्या घशाच्या मागच्या भागात विषाणू महिनोन्‌महिने दडून राहतो, गाईत तीन वर्षांपर्यंत राहिल्याच्याही नोंदी आहेत. अशा जनावरापासून रोग क्वचितच पसरतो असं दिसतं. पण रोग संपला असं छातीठोक म्हणायची सोय राहत नाही.

शिवाय बुळकांडीचा विषाणू अंगाबाहेर नाजूक होता, उन्हात लवकर मरायचा. हा चिवट आहे. ओल्या वैरणीत, शेणात, बुटांच्या तळव्याला, दुधाच्या गाडीच्या चाकाला चिकटून गावं ओलांडतो. थंड, दमट हवेत तर वाऱ्यावरही जातो. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वाइट बेटावर पोचला होता. त्याची एक दुखरी नस मात्र आहे, त्याला आंबटही सोसत नाही आणि कडक खारही सोसत नाही. म्हणून गोठा धुवायला चार टक्के धुण्याच्या सोड्याचं पाणी सांगतात. शंभर लिटर पाण्याला चार किलो सोडा. महागड्या जंतुनाशकाची गरज नाही.

शंभरातली सहा

या सगळ्याचा अर्थ रोग कधीच जाणार नाही, असा नाही. ब्राझीलमध्ये कोट्यवधी गुरं आहेत. त्या देशानं वर्षानुवर्षं लस टोचून रोग मागे रेटला, मग टप्प्याटप्प्यानं टोचणं थांबवलं, आणि मे २०२५ मध्ये त्याला लसीकरणाविना रोगमुक्त देश म्हणून मान्यता मिळाली. युरोपानं दुसरा मार्गही वापरला. रोग दिसला की आजूबाजूची जनावरं सरसकट मारायची. २००१ च्या साथीत ब्रिटननं साठ लाखांहून जास्त जनावरं मारली. आपल्याकडे ते होणार नाही आणि होऊही नये. दोन गाईंवर ज्याचं घर चालतं त्याच्या दारात जाऊन निरोगी गाय मारा म्हणणं कुठल्या तोंडानं सांगणार? आपल्याला लशीनंच जायचं आहे. आणि लशीनं जायचं तर एक हिशेब समजून घ्यावा लागतो. मला स्वतःला तो कळला तेव्हा मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

समजा, गावात शंभर जनावरं आहेत. एका आजारी जनावरापासून, कुणीच टोचलेलं नसेल तर, आणखी पाच जनावरांना रोग होतो. त्या पाचांपासून पंचवीस. साथ अशी भडकते. ती विझायला हवी तर एका आजारी जनावरापासून जास्तीत जास्त एकालाच रोग गेला पाहिजे, म्हणजे पाचातली चार जनावरं आधीच सुरक्षित हवीत. शंभरात ऐंशी.

पण टोचलेली ऐंशी आणि सुरक्षित ऐंशी यांत फरक आहे. कुणाला लस पुरती लागली नाही, कुणी आधीच अशक्त होतं, कुठं लशीची बाटली उन्हात राहिली. ही लस दोन ते आठ अंशांतच ठेवायची असते. तापली तरी वाया, आणि गोठली तरी वाया, कारण गोठल्यावर तेल आणि पाणी फुटून वेगळं होतं. समजा, टोचलेल्या शंभरात पंच्याऐंशी खरोखर सुरक्षित होतात. मग ऐंशी सुरक्षित हवी असतील तर चौऱ्याण्णव टोचावी लागतील. राहिली फक्त सहा.

आता त्या सहांकडे बघा. ती गावभर विखुरलेली असतील तर रोगाला वाट सापडत नाही. पण ती तशी नसतात. ती एकाच वस्तीवर असतात, कारण तिथवर रस्ता नाही. किंवा एकाच गोठ्यात असतात, कारण मालक म्हणाला, दूध आटतं, नको. किंवा ती गावचीच नसतात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतात आणि बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या बैलगाड्या पुणे-साताऱ्याच्या फडांवर येतात. त्यांचे बैल कुठल्या गावच्या यादीत धरायचे? धनगरांची मेंढरं वर्षातले कित्येक महिने वाटेवर असतात, आणि मेंढीत हा रोग इतका सौम्य असतो की लंगडणाऱ्या चार मेंढ्यांकडे कुणाचं लक्षही जात नाही. चाकणच्या बाजारात तर वेगवेगळ्या गावांची जनावरं एकाच हौदावर पाणी पितात. यात ऊसतोड्यांचा किंवा मेंढपाळांचा काही दोष नाही. ते जिथं असतील तिथं आणि तेव्हा लस पोचवणं ही कार्यक्रमाची जबाबदारी आहे, आणि माझ्या मते ती अजून पुरती पार पडलेली नाही.

सगळ्यांना एकाच वेळी टोचायचं यालाही कारण आहे. या महिन्यात निम्मं गाव आणि दोन महिन्यांनी उरलेलं असं केलं तर एकांची प्रतिपिंडं चढेपर्यंत दुसऱ्यांची उतरतात, आणि एकाही दिवशी ऐंशीचा आकडा गाठला जात नाही. वर्षभराची बेरीज केली तर कागदावर शंभर टक्के दिसतं.

मामांच्या टोचलेल्या गाईला रोग का झाला, तेही यातूनच कळतं. लस एकेका गाईला छत्री देते, पण छत्रीला थोडी भोकं असतात. आजूबाजूला पाऊस कमी पडला तर ती पुरते. शेजारच्या गोठ्यात चार न टोचलेली जनावरं फसफसून आजारी असतील तर विषाणूचा मारा इतका होतो की छत्री कमी पडते. तिच्यामुळे आजार सौम्य झाला, गाय जगली, हे मात्र विसरू नये.

मग रोग हटतोय की नाही हे ओळखायचं कसं? इथं संशोधकांनी एक फार सुंदर गोष्ट केली आहे. बुळकांडीच्या वेळी रक्त तपासून प्रतिपिंडं सापडली तरी ती लशीमुळे आहेत की रोगामुळे, हे सांगता येत नव्हतं. त्यामुळे रोग गेला हे सिद्ध करायला आधी लस थांबवावी लागली. कमवलेलं सगळं पणाला लावून वाट बघायची, की नव्या वासरांत रोग दिसतो का. ज्यांनी ते केलं त्यांच्या धीराला मी हात जोडते.

लाळ्या-खुरकूतीत ते सोपं झालं आहे. विषाणू अंगात जिवंत वाढतो तेव्हा तो कवचाशिवाय आणखी काही प्रथिनं बनवतो, नकला काढायची अवजारंच म्हणा. लस शुद्ध करताना ही अवजारं काढून टाकतात, फक्त कवच ठेवतात. म्हणून लस टोचलेल्या गाईच्या रक्तात कवचाविरुद्ध प्रतिपिंडं मिळतात, अवजारांविरुद्ध सहसा मिळत नाहीत. दोन्हींविरुद्ध मिळाली तर खरा रोग अंगातून गेलेला आहे. लस चालू ठेवूनच गावोगावी रोगाचा माग काढता येतो, तो या एका फरकामुळे. पशुधन पर्यवेक्षक येऊन वीस जनावरांचं रक्त मागतात तेव्हा ही चाचणी त्यामागे असते.

लंपी यात कुठं बसते?

हे मामांनी विचारलं नव्हतं, पण २०२२ चा पावसाळा कुणी विसरलेलं नाही. लंपी, म्हणजे गुरांच्या अंगभर गाठी उठवणारा रोग, भारतात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात दिसली आणि तीन वर्षांत राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रात पसरली. तिचा विषाणू शेळी-मेंढीच्या देवींच्या विषाणूचा सख्खा भाऊ. तिघांचे चेहरे इतके सारखे की शेळीच्या देवींची लस गाईला टोचली तर लंपीपासून बरंच संरक्षण मिळतं. घाईच्या वेळी राज्यांनी तीच वापरली, आणि 'शेळीची लस गाईला का?' या गावोगावच्या शंकेचं उत्तर हे आहे. दरम्यान हिस्सारच्या आणि इज्जतनगरच्या संस्थांनी रांचीच्या आजारी गाईंकडून मिळालेला लंपीचाच विषाणू पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'लंपी-प्रोव्हॅकइंड' ही लस पुढे आणली. एडवर्ड्सची शेळी इथं बाटलीतल्या पेशींनी बदलली, युक्ती तीच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्या उत्पादनाचे हक्क औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्यात आले. पुण्यात सुरू झालेली प्रयोगशाळा डोंगरात गेली, मोठी झाली, आणि तिच्या कामाचा एक धागा पुन्हा पुण्यात आला. मला हे फार आवडतं.

लंपीचा चेहरा एकच आहे, प्रतिकारशक्ती चांगली टिकते, आणि बऱ्या झालेल्या गाईत ती वर्षानुवर्षं दडून बसत नाही. या बाबतींत ती बुळकांडीच्या जवळ आहे. पण ती डास, गोचीड आणि चावऱ्या माश्यांकरवी फिरते, आणि माशी काही गावची वेस पाळत नाही. म्हणून गोठ्यातली माशी आणि गोचीड हटवणं हे लंपीत लशीच्या बरोबरीचं काम.

मामांना हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही, तीन-चार रविवार लागले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी लस चांगली असून भागत न्हाई, शेजाऱ्यानं बी टोचाय पायजे?" मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी ते शेजारच्या वस्तीवर गेले. तिथल्या दोन म्हशींचं टोचणं दोन खेपा चुकलं होतं.

चाकणची ती कालवड त्यांनी घेतली. एकवीस दिवस तिला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या बादलीवर ठेवलं, आणि तिची वैरण सगळ्यात शेवटी टाकत. मार्चात पथक आलं, तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर लिहून घेतला आणि टोचण्याआधी तिच्या मानेतून रक्त काढलं. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा येऊन काढणार आहेत, लस किती लागली ते बघायला. मामांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तीन तारखा लिहून ठेवल्या आहेत. टोचल्याची, दुसऱ्या रक्ताची, आणि सहा महिन्यांनंतरची. तिसरीखाली त्यांनी शेजारच्या दोन म्हशीही मांडल्या आहेत.